बॉम्ब सुटत नाही तेव्हा

लॅमिंग्टन रोडवर जॉयस्टिक विचारत येणाऱ्या मुलांत दोन जाती दिसतात. एकाला खेळायचं असतं, दुसऱ्याला विमान शिकायचं असतं. हा लेख दुसऱ्याविषयी आहे. गिरगावात नाहीतर लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत, घरचे झोपल्यावर कानाला हेडफोन लावून तो एफ-१६ किंवा मिग-२१ च्या कॉकपिटमध्ये बसतो. १९९८ च्या डिसेंबरात ‘फाल्कन ४.०’ आलं आणि घरच्या संगणकावरचं लढाऊ विमान एकदम गंभीर झालं. त्याचीच सुधारत आलेली ‘बीएमएस’ आवृत्ती आणि ‘डीसीएस वर्ल्ड’ ही आजची दोन ठळक नावं. त्यांत कॉकपिटमधला जवळजवळ प्रत्येक स्विच चालतो. त्यामुळे नवख्याचा पहिला अनुभवही ठरलेला: नेम बरोबर धरला, बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही.

‘बग आहे,’ असं म्हणून तो मोकळा होतो. कधीकधी बग असतोही. पण माझं ठाम मत असं, की बहुतेक वेळा विमान आपल्याला नकार देत असतं. त्या नकाराला कारण असतं आणि ते समोरच्या पडद्यावर कुठेतरी लिहिलेलंही असतं. गिरणगावात वाढलेल्यांना हे पटकन कळावं. साचेखात्यात ऑटोमॅटिक मागावर ताण्याचा एक धागा तुटला की त्याच्यावरची पत्ती खाली पडायची आणि माग उभा राहायचा. माग थांबला म्हणजे बिघडला, असं कुठलाही जॉबर म्हणत नसे. तो आधी पडलेली पत्ती शोधायचा.

लढाऊ विमानात अशा पत्त्या पुष्कळ असतात. मास्टर आर्म स्विच बंद असेल तर शस्त्र सुटत नाही. चाकं खाली असतील किंवा विमानाचं वजन अजून चाकांवर असेल तरी सुटत नाही. धावपट्टीवर उभ्या असलेल्या माणसांचा जीव त्या अटीमुळे वाचतो. मिग-२१ मध्ये हे सगळं हाताने करावं लागतं. क्षेपणास्त्रांच्या वीजपुरवठ्याचे आणि ती तापवण्याचे स्विच वेगळे, कुठल्या पंखाखालचं शस्त्र हवं ते ठरवणारी खुंटी वेगळी, आणि रडार आधी काही मिनिटं तापत ठेवायचं ते वेगळंच. नाशिकजवळच्या ओझरला ही विमानं वर्षानुवर्षं बनली आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये वायुसेनेने त्यांना निरोप दिला. खऱ्या वैमानिकांनी किती गोष्टी डोक्यात आणि बोटांत ठेवल्या असतील, याचा अंदाज सिम्युलेटरमधल्या मिगच्या उजव्या-डाव्या भिंती बघितल्या की येतो.

शस्त्र सुटलं पण लागलं नाही, ही पुढची तक्रार. लालबागच्या एका मुलाने रात्री फोन केला.

“दादा, लेझर बरोबर पडतोय, बॉम्बही सुटतोय, पण सरळ दगडासारखा खाली जातो.”

“पॉडवर कोड काय आहे?”

“सोळाशे अठ्ठ्याऐंशी. तोच असतो ना?”

“बॉम्बवर काय लावलायस?”

तो थांबला. मिशन दुसऱ्याने बनवलेलं होतं, आणि त्यात बॉम्बचा कोड बदललेला होता.

लेझर बॉम्ब कुठल्याही लेझरच्या मागे जात नाही. पॉडमधून, म्हणजे विमानाखाली लावलेल्या नेमयंत्रातून, निघणाऱ्या लेझरच्या ठोक्यांना ठरावीक ताल असतो, तो ताल म्हणजे कोड. बॉम्बच्या नाकातला डोळा तेवढाच ताल ओळखतो. एकाच रणांगणावर चार विमानांचे चार लेझर असले तरी गोंधळ होऊ नये, म्हणून ही सोय. पेव्हवे-२ या खऱ्या लेझर बॉम्बचा कोड विमान जमिनीवर असतानाच त्याच्यावर लावतात, हवेत गेल्यावर तो बदलता येत नाही. सिममधल्या एफ-१६ मध्येही तसंच ठेवलंय. म्हणून उड्डाणाआधी शस्त्रागाराची यादी वाचायची सवय लागते, आणि लागलीच पाहिजे.

कोड जुळूनही बॉम्ब अलीकडेच पडला, तर लेझर कधी सुरू केला ते बघावं. पेव्हवे-२ चे पुढचे छोटे पंख मधलं काही जाणत नाहीत. वळले की पूर्ण वळतात. लेझर फार लवकर दाखवला तर बॉम्ब सारखा नेम दुरुस्त करत वेग घालवतो आणि खाली बसत जातो. शेवटच्या काही सेकंदांत लेझर लावला की तोच बॉम्ब बरोबर जातो. आणि मधे ढग आला तर काहीच उपयोग नाही.

हे खेळातलं बारीक कौतुक वाटत असेल, तर २४ जून १९९९ आठवावा. कारगिलच्या लढाईत त्या दिवशी आपल्या मिराज-२००० विमानांनी टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकले. मुळात जग्वारसाठी घेतलेले लायटनिंग पॉड घाईघाईने मिराजला जोडून घेतलेले होते. पॉड एकाचं, विमान दुसऱ्याचं, बॉम्ब तिसऱ्याचा, आणि हे सगळं एकमेकांशी बोलतं करायचं लढाई सुरू असताना! आपण रात्री खुर्चीत बसून करतो त्याच प्रकारचं काम, पण चुकीला जागा नसलेलं.

टायगर हिलची उंची ५,०६२ मीटर. तिथे दुसरी एक अडचण शिकायला मिळते, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. साधा बॉम्ब कुठे पडेल याचं गणित संगणक करतो, तेव्हा लक्ष्य समुद्रसपाटीपासून किती उंच आहे हे त्याला माहीत असावं लागतं. सिममध्ये मार्गबिंदूची उंची शून्य राहून गेली, आणि लक्ष्य पाच हजार मीटरवर असलं, तर संगणक डोंगराच्या पोटातल्या जागेवर नेम धरतो. बॉम्ब तिथवर पोचण्याआधीच अलीकडच्या उतारावर आदळतो. शिवाय विरळ हवेत बॉम्बला होणारा विरोध कमी, म्हणून सखल प्रदेशासाठी बेतलेली कोष्टकं तिथे जशीच्या तशी चालत नाहीत. अशा वेळी खेळणारा नेमाला दोष देतो, जॉयस्टिक बदलतो. मार्गबिंदूची उंची बघायचं मात्र सुचत नाही.

तसाच घोळ दिशेचा. विमान सुरू करून घाईने निघालं की नकाशा सरकतो, लक्ष्याची चौकट भलतीकडे दिसते. कारण आतल्या जायरोंना जमिनीवर स्थिर राहून उत्तर दिशा शोधायला वेळ दिलेला नसतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. ते फिरणं मोजून हे यंत्र उत्तर ठरवतं. सिममधल्या एफ-१६ ला पूर्ण जुळणीला साधारण ८ मिनिटं लागतात, आधी साठवलेली दिशा वापरली तर दीड मिनिट. मोजमापाला शांत जागा लागते हे मुंबईला जुनं आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं जात होतं. शहरात विजेच्या ट्रामा येणार म्हटल्यावर ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं. तारांतल्या विजेने सुया हलल्या असत्या.

रडारच्या तक्रारी बहुतांशी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: शत्रू दिसत होता, अचानक गायब झाला. डॉपलर रडार जमिनीपासून विमान वेगळं काढतं ते त्याच्या जवळ येण्या-जाण्याच्या वेगावरून. शत्रूने आपल्याला काटकोनात वळण घेतलं की तो वेग जमिनीइतकाच दिसतो, आणि रडार त्याला जमिनीबरोबरच गाळून टाकतं. इथे बिघाड नाही, शत्रूची हुशारी आहे. थोडं खाली उतरून त्याला वर आकाशाच्या पार्श्वभूमीवर घ्यावं, नाहीतर आपली दिशा बदलून तो काटकोन मोडावा.

मग येतो आपल्या टेबलावरचा घोळ. जॉयस्टिक, थ्रॉटल आणि गेमपॅड तिन्ही जोडले की विंडोजच्या भरवशावर सिम्युलेटर एकच अक्ष दोघातिघांना वाटून देतो, आणि रडारचा कर्सर आपोआप कोपऱ्यात पळतो. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत जुन्या पोटेन्शिओमीटरवर गंज चढला तरी हेच होतं. तपासायचं कसं? विंडोजचं कॅलिब्रेशन उघडून हात न लावता काठीचा ठिपका बघावा. तो थरथरत असेल तर दोष काठीत. स्थिर असेल तर सिममधल्या जोडण्या एकेक करून पुसाव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि जमलं, तर कशामुळे जमलं ते कळत नाही.

इतकं सगळं करूनही विमान चुकीचं वागलं, तर तो बग. पण त्याआधी एक खातरजमा राहते: आपण कुठलं विमान उडवतोय? डीसीएसचा एफ-१६ हा साधारण २००७ सालच्या अमेरिकी ब्लॉक ५० विमानाचा नमुना आहे. नंतर आलेलं शस्त्र त्याला लागत नसेल तर ते बरोबरच आहे. मग बाहेरून टाकलेले सगळे मॉड काढावेत, दोन मिनिटांचं साधं मिशन बनवावं, त्यात चूक पुन्हा घडवावी आणि तिचं ट्रॅक रेकॉर्डिंग जपून ठेवावं. बनवणाऱ्यांना पाठवायचं ते हेच, तासाभराच्या लढाईचं रेकॉर्डिंग नव्हे.