सुईतून आत काय गेलं?

मागच्या लग्नसराईत आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी आली. कारण सांगताना ताई जरा लाजल्या. लेकीचं लग्न ठरलेलं, आणि पार्लरवाली म्हणाली होती, "गाल भरून देते, एका इंजेक्शनाचं काम." त्या इंजेक्शनात असतं काय, असं आम्ही विचारलं, तर कुणालाच सांगता येईना. म्हणून आजचा विषय फिलरचा.

फिलर म्हणजे कातडीखाली सुईनं भरायचा पदार्थ. डॉक्टरांकडे तो बहुतेक वेळा हायलुरोनिक ॲसिडचा जेल असतो. नावात ॲसिड असलं तरी तो भाजणारा नव्हे. आपल्या कातडीत, सांध्यांत तो मुळातच असतो. त्याचा मोठा गुण असा, की नको झाला तर काढता येतो. हायलुरोनिडेज नावाचं औषध त्याच जागी टोचलं की बहुतेक एक-दोन दिवसांत जेल विरघळतो. मुंबईच्या उर्फी जावेदनं जुलै २०२५ मध्ये ओठांतलं फिलर असंच विरघळवून घेतलं आणि सुजलेल्या तोंडाचा व्हिडिओ स्वतःच लोकांना दाखवला. तिच्या धिटाईचं आम्हाला कौतुक वाटलं.

एक गोष्ट मात्र शेतात राबणाऱ्या आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवायची. मधमाशी चावल्यावर जिच्या अंगावर पित्त उठतं, धाप लागते, तिनं हे विरघळवायचं औषध घेण्याआधी डॉक्टरांना तसं सांगायलाच हवं. मधमाशीच्या विषातही याच जातीचा घटक असतो.

खरी अडचण "कायमचं" म्हणून टोचतात त्या पातळ सिलिकॉनची. ते विरघळवणारं औषधच नाही. ते मांसात पसरतं, जागा सोडून सरकतं, वर्षांनंतरही गाठी धरतं. काढायचं तर चिरफाड, आणि तरी सगळं निघेलच असं नाही. छाती किंवा मागचा भाग भरदार दिसावा म्हणून सिलिकॉन टोचून घेऊ नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्येच दिला होता. स्तनांत भरायच्या दुसऱ्या एका जेलवर तर चीननं २००६ मध्ये बंदी घातली.

चांगलं फिलरसुद्धा चुकून रक्तवाहिनीत गेलं तर रक्त अडतं. क्वचित होतं, पण झालं तर थांबायला वेळ नसतो. टोचल्यावर कातडी पांढरी पडली, निळसर जाळी दिसली, दुखणं वाढत गेलं, तर त्याच घटकेला टोचणाऱ्या डॉक्टरांकडे जायचं. नजर अंधारली तर थेट मोठ्या रुग्णालयात. हळद लावून सकाळची वाट बघायची नाही. डोळा गेला तर सहसा परत येत नाही.

त्या ताईंना आम्ही कर्ज नाकारलं नाही. एवढंच म्हणालो, की टोचणारा त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहे का, महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा त्याचा नोंदणी क्रमांक काय, आणि विरघळवायचं औषध त्याच्याकडे तयार असतं का, हे विचारून या. बाटली किंवा सुई समोर फोडायला सांगा, खोक्यावरचं लेबल मागून घ्या. पुढं कधी गाठ आली तर दुसऱ्या डॉक्टरला पहिल्यांदा तेच लागतं.

पार्लरवालीकडे ना खोकं होतं, ना लेबल. ताईंनी कर्ज घेतलं, पण त्यातून लेकीला पैठणी आली.