गगनयात्रेचें सोंवळें

आमच्या भिंगारास लष्कराचें दर्शन नवें नाहीं. छावणी गांवाला लागूनच असल्यामुळें रणगाड्यांची घरघर ऐकतच येथील मुलें लहानाचीं मोठीं होतात, आणि त्यांतील कित्येकांच्या मनांत खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचें स्वप्न मिसरूड फुटण्यापूर्वींच घर करून बसतें. म्हणूनच ता. २५ जून २०२५ रोजीं दुपारीं बाराच्या सुमारास वायुसेनेचे ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला हे अमेरिकेंतील फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरून अंतराळस्थानकाकडे निघाले, तेव्हां ते लखनौचे असूनहि आम्हांस परके वाटले नाहींत. खडकवासल्याचें पाणी प्यालेला तो मुलगा! त्यांच्या आधीं १९८४ सालीं सोव्हिएत यानांतून 'सॅल्यूत ७' या स्थानकावर जाऊन आलेले राकेश शर्माहि तेथीलच विद्यार्थी.

उड्डाणाचें वर्णन वाचकांनीं वाचलेंच असेल. भूमि सोडल्यापासून कक्षेंत पोंचेपर्यंत नऊ-दहा मिनिटें पुरतात. परंतु त्या दहा मिनिटांच्या मागें किती वर्षें उभीं असतात, याचा विचार आपल्या घरांतून फारसा होत नाहीं. आपलें गगनयान सिद्ध होत आहे. आधीं निर्मनुष्य उड्डाणें व मग मनुष्य, असा त्याचा क्रम ठरला आहे. आणि २०३५ पर्यंत स्वतःचें अंतराळस्थानक उभारण्याचा संकल्पहि देशानें सोडला आहे. अशा काळांत 'तयारी' या शब्दाचा खरा अर्थ मुलांस सांगतां आला पाहिजे. त्यासाठींच हा लेखनप्रपंच.

सध्यांचें आंतरराष्ट्रीय स्थानक पृथ्वीपासून सुमारें ४०० किलोमीटर उंचीवरून ताशीं सुमारें २८,००० किलोमीटर वेगानें फिरतें. दीड तासास एक प्रदक्षिणा, म्हणजे अहोरात्रांत सोळा सूर्योदय. तेथें संध्या करणाऱ्या गृहस्थानें अर्घ्य कितीदां द्यावें, हा प्रश्न धर्मशास्त्र्यांवर सोंपवून आपण पुढें जाऊं. तेथें पृथ्वीचें आकर्षण नसतें, हा मात्र एक सार्वत्रिक गैरसमज आहे. इतक्या उंचीवरहि आकर्षण भूमीवरच्या सुमारें नऊदशांश असतेंच. पण स्थानक व त्यांतील माणसें हीं दोन्हीं सारख्याच गतीनें अखंड पडत असतात. पुढें धांवण्याचा वेग एवढा, कीं पृथ्वीचा वांकलेला पृष्ठभाग त्यांच्याखालून तितकाच खालीं सरकत जातो. विहिरींत पडणाऱ्या घागरीस घागरींतल्या पाण्याचें ओझें जाणवत नाहीं, तसाच हा प्रकार.

या अवस्थेचे परिणाम देहावर ताबडतोब दिसूं लागतात. पायांकडचें रक्त डोक्याकडे चढतें, चेहरा सुजतो, पहिले कांहीं दिवस मळमळतें. ज्या हाडांवर शरीराचा भार असतो त्यांची घनता दरमहा शेंकडा एक ते दीडपर्यंत घटते. म्हणून दीर्घकाळ राहणारांस रोज सुमारें दोन तास व्यायाम करावा लागतो. पाणी तर इतकें मोलाचें, कीं घाम, श्वासांतील वाफ व मूत्र यांपासून शेंकडा ९८ पाणी पुन्हां शुद्ध करून घेण्यापर्यंत तेथील यंत्रांची मजल गेली आहे.

एवढ्यासाठीं शिक्षण कसलें घ्यावें लागतें? आपल्या चौघां वैमानिकांनीं २०२० व २०२१ या सालीं रशियांत गागारिन केंद्रांत अध्ययन केलें. पुढें बंगळूरास केलें. आणि ऑगस्ट २०२४ पासून शुक्ला व नायर या दोघांनीं अमेरिकेंत केलें. गरगर फिरणाऱ्या पाळण्यांत बसून देहाचें वजन चौपट-पांचपट झाल्याचा भार छातीवर सोसावयाचा. यान भलत्याच ठिकाणीं उतरलें तर बर्फांत, रानांत किंवा समुद्रांत जीव कसा जगवावा, हें शिकावयाचें. हवा गळूं लागली, आग लागली, यंत्रांनीं मान टाकली, तर कोणतें बटन आधीं व कोणतें नंतर, याची आवृत्ति शेंकडों वेळां करावयाची. आपल्याकडे वेदपाठी ब्राह्मण संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा रीतींनीं एकच मंत्र घोळीत असत. तो अट्टाहास अशासाठीं, कीं एक स्वरहि ढळूं नये. या मंडळींचा हेतु याहून निराळा नाहीं. ऐन वेळीं विचार करावयास अवकाश नसतो, तेव्हां पाठांतरच हात देतें.

याहूनहि मला आवडला तो सोंवळ्याचा भाग. उड्डाणापूर्वीं प्रवाशांस लोकांपासून अलग ठेवितात. साधें पडसेंहि स्थानकावर जातां कामा नये, हा हेतु. शुक्ला यांचें हें सोंवळें २५ मे रोजीं सुरू झालें. उड्डाण २९ मे रोजीं व्हावयाचें, तें ८ जूनवर गेलें. मग १०, मग ११. त्याच सुमारास अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यांत द्रवरूप प्राणवायूची गळती आढळली आणि उड्डाण तहकूब झालें. ती दुरुस्त होते न होते तों स्थानकाच्या रशियन भागांतील हवेच्या गळतीची चौकशी आडवी आली. अशा रीतीनें दोन आठवड्यांचें सोंवळें महिन्याभराचें झालें! आपल्या घरीं मुंजीचा मुहूर्त घटकाभर टळला तर केवढा गहजब होतो, तें आठवावें.

शिदोरींतहि घरगुती जिव्हाळा होता. गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस शुक्ला यांनीं बरोबर नेला. आमरस अंतराळांत पोंचल्याचें ऐकून आमच्या घरांत विशेष समाधान व्यक्त झालें. शिवाय मेथी व मूग यांचे दाणे तेथें भिजवून मोड कसे येतात, हा धारवाडच्या संशोधकांचा प्रयोगहि होता. तुकडीच्या प्रमुख पेगी व्हिटसन या बाई पांसष्ट वर्षांच्या, आणि त्यापूर्वींच त्यांचे ६७५ दिवस अंतराळांत गेलेले! साठी उलटल्यावर खुर्चीस खिळणाऱ्या आम्हां पुरुषांनीं याची नोंद घ्यावी.

ता. २६ जून रोजीं यान स्थानकास जोडलें गेलें. १८ दिवसांच्या मुक्कामानंतर १५ जुलै रोजीं तें कॅलिफोर्नियाजवळ समुद्रांत सुखरूप उतरलें. परंतु माझें मन अडकलें आहे तें न गेलेल्या माणसापाशीं. ग्रुप कॅप्टन प्रशांत नायर यांनींहि तेंच शिक्षण घेतलें. शुक्ला यांस कांहीं अडचण आली असती तर जावयाचें ते नायर यांनीं. १९८४ मध्यें राकेश शर्मांच्या मागें रवीश मल्होत्रा असेच उभे होते. संपूर्ण सिद्धता करावयाची आणि दुसऱ्यास निरोप द्यावयाचा, ही साधना सोपी नव्हे.

माझ्या हाताखालीं शिकलेला एक मुलगा खडकवासल्यासाठीं दोन वर्षें झटला. लेखी परीक्षेंत दोनदां उतरला. निवडमंडळापुढें दोनदां मागें पडला. त्याचे वडील माझ्यादेखत म्हणाले, "गुरुजी, याचीं दोन वर्षें पाण्यांत गेलीं." मुलगा खालीं मान घालून बसला होता. मीं कांहीं बोलावयास हवें होतें; मी गप्प राहिलों. त्या मौनाची रुखरुख मला आजहि आहे.

तो आतां पुण्यास एका कारखान्यांत दाबाखालच्या नळ्या गळतात किंवा काय, हें तपासण्याचें काम करतो. अग्निबाणाच्या गळतीची वार्ता आली त्या रात्रीं त्याचा दूरध्वनि आला. म्हणाला, "गुरुजी, ती गळती हेरणारा माणूस कोण असेल हो? चौघांचे प्राण त्याच्या हातांत होते." त्याच्या आवाजांत खंत नव्हती, शुद्ध कुतूहल होतें, आणि थोडासा अभिमानहि.

अनेक वर्षांपूर्वीं द्यावयाचें उत्तर मीं त्या रात्रीं त्याला दिलें. "तुझीं तीं दोन वर्षें पाण्यांत गेलीं नाहींत. सांधा न् सांधा पुन्हां तपासून पाहण्याची संवय तुला त्याच वर्षांत लागली." पलीकडे थोडा वेळ कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग तो म्हणाला, "बाबांना सांगाल का एकदां?"

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी त्यांच्या घरीं जाऊन आलों.