अथेन्स दूर, भुलेश्वर जवळ

ग्रीक देवळांविषयी वर्गात बोलायला लागलं की मुलं एकदम गप्प होऊन ऐकतात. अथेन्सचं पार्थेनॉन इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात उभं राहिलं, बाहेरच्या रांगेत ४६ संगमरवरी खांब, दगड सांधायला चुना नाहीच. सगळं भराभर वहीत उतरतं. यंदा शिरूरच्या माझ्या मुलांना मी विचारलं, ‘‘चुन्याशिवाय बांधलेलं आपल्याकडचं देऊळ कुणी पाहिलंय?’’ वर्ग माझ्याकडे बघत राहिला. रांजणगावचा महागणपती सगळ्यांचा झालेला, दौंडवरून भीमा ओलांडून सिद्धटेकही बहुतेकांचं झालेलं. भुलेश्वर मात्र दोघांनीच पाहिलेलं, तेही श्रावणी सोमवारच्या रेटारेटीत.

म्हणून सहल तिकडेच न्यायची ठरली. ‘‘देवळं काय गावात नाहीत?’’ असं एका पालकांनी सुनावलंच. वर्षातून एकदाच सहलीला पैसे सुटतात, तेव्हा त्यांचंही खोटं म्हणवत नाही.

न्हावरे, चौफुला, यवत करत एस.टी. डोंगर चढली. गाव पुरंदर तालुक्यातलं माळशिरस, पण आपली वाट दौंड तालुक्यातून. वर पोचलो तर देऊळ दिसेचना! दिसली ती उंच, आडदांड भिंत. १६३०च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं इथं दौलतमंगळ किल्ला बांधला, त्याच्या खुणा भोवती आहेतच. ग्रीकांचं कोरीवकाम बाहेरून दिसे, कारण त्यांची वेदी बाहेर उघड्यावर असे. इथं अंधाऱ्या, अरुंद जिन्यानं आत शिरलं की मग भिंती बोलायला लागतात. हत्ती, घोडे, सुरसुंदरी, महाभारतातले प्रसंग.

‘‘सर, गणपती बाईसारखा का?’’ एका मुलीनं वर बोट दाखवलं. सोंड गणपतीची, बांधा स्त्रीचा. ही विनायकी. जबलपूरजवळच्या भेडाघाटला चौसष्ट योगिनींमध्येही ती आहे. अष्टविनायकांच्या मुलखात वाढलेल्या त्या मुली पुढचा अर्धा तास तिथून हलल्या नाहीत. मीही घाई केली नाही.

तेराव्या शतकातलं हे यादवकालीन देऊळ. एका दगडाची खाच, दुसऱ्याचा तिच्यात बसणारा उंचवटा, आणि वरून वजन. ग्रीकांनी दगडांत लोखंडी कड्या घालून त्यावर शिसं ओतलं होतं. ‘हेमाडपंती’ म्हणून आपण मोकळे होतो खरे. पण हेमाडपंताच्या दोनशे वर्षं आधी, १०६० मध्ये, अंबरनाथचं शिवमंदिर याच पद्धतीनं उभं राहिलेलं होतं.

मग तो प्रश्न आलाच. इतक्या मूर्तींची तोंडं फुटलेली का? मी त्यांना पार्थेनॉनचं सांगितलं. आधी त्याचं चर्च झालं, नंतर मशीद. १६८७ मध्ये तुर्कांनी आत दारू साठवलेली असताना व्हेनिसच्या तोफेचा गोळा पडला. उरलेल्यातली कितीतरी शिल्पं लॉर्ड एल्गिननं उचलून नेली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एका देवळाला इतके हात लागलेले.

‘‘आणि आता कुणाचे हात लागतात, ते बघा,’’ मी म्हटलं. भिंतीचा हातभर उंचीपर्यंतचा भाग लोकांच्या स्पर्शानं तुळतुळीत झालेला होता. मुलांनी आपापले हात मागे घेतले. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या देवळांत तर खांबांना ऑइलपेंट फासलेला असतो. यावर मागच्या बाकावरचा एक पठ्ठ्या म्हणाला, ‘‘पण सर, ग्रीकांची देवळंही रंगवलेलीच होती, तुम्हीच सांगितलं.’’ सांगितलं होतं खरं! तो रंग बांधणाऱ्यांनीच, कोरीवकाम उठून दिसावं म्हणून दिला होता. ऑइलपेंटचे थर तेच कोरीवकाम बुजवतात. त्याला हे पुरतं पटलं नाही. वाद परतीच्या एस.टी.त यवतपर्यंत चालला.

आता पेडगावच्या बहादूरगडातलं लक्ष्मीनारायणाचं देऊळ बघायचं, असं मुलींनी परस्पर ठरवलं आहे. दौंडच्या पलीकडे, भीमेच्या काठी. तिथंही विनायकी आहे का, एवढंच त्यांना आधी हवं आहे.