‘रन’ किती धावतो?

‘रन’ म्हणजे धावणे, एवढं शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात मात्र या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले आहेत. सर्वाधिक अर्थांचा मान पूर्वी ‘सेट’कडे होता. पीटर गिलिव्हर या कोशकाराने ‘रन’ची नोंद नव्याने लावायला घेतली, त्यात नऊ महिने गेले आणि २०११मध्ये ‘सेट’ मागे पडला.

इतके अर्थ वेगळे काढतात कसे? कोशकार आधी छापील वाक्यं जमवतो. अर्थ ठरतो तो त्यांवरून. प्रत्येक वाक्याला मुख्यतः दोन प्रश्न विचारायचे: कर्ता कोण आणि पुढे कर्म आहे का?

नळाचं पाणी वाहतं, सर्दीत नाक वाहतं, धुण्यात साडीचा रंग जातो. तिन्हीकडे इंग्रजीत ‘रन’च. कर्ता पातळ पदार्थ किंवा तो जिथून वाहतो ती जागा, कर्म नाही, म्हणून हे एकाच कुळातले अर्थ. आता यंत्र घ्या. आपलं यंत्र चालतं, इंग्रजांचं धावतं. या क्रियापदाला कर्म जोडलं की माणूस यंत्र ‘रन’ करतो, मग दुकान, कारखाना, शाळा आणि संगणकावरचा प्रोग्रामही. पायांचा संबंध केव्हाच सुटलेला असतो, पण काहीतरी चालू राहतंय ही कल्पना टिकून असते. मला या शब्दाचं खरं सौंदर्य इथेच दिसतं.

देश बदलला की शब्दही बदलतो. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो. ब्रिटनमध्ये तो आपल्यासारखाच उभा राहतो. क्रिकेटमध्ये दोन यष्ट्यांमधल्या धावण्यावरून ‘रन’ हे नाम आलं, पण षटकार मारणारा फलंदाज जागचा न हलता सहा रन मिळवतो. नाव धावण्याचं राहिलं, अर्थ गुणांचा झाला.

शिकणाऱ्याने ६४५ अर्थ पाठ करण्याच्या भानगडीत पडू नये. शेजारचे शब्द वाचावेत. फलंदाज ‘रन आउट’ झाला तर तो धावचीत. त्याच दोन शब्दांपुढे ‘ऑफ मिल्क’ आलं, तर घरातलं दूध संपलंय.