गरम झाल्यावरच बंद पडणारे इंजिन

सकाळी गाडी पहिल्या फेऱ्यात सुरू होते, दहा मिनिटे छान चालते आणि इंजिन पुरते तापले, की सिग्नलपाशी अॅक्सिलरेटरवरून पाय काढताच बंद पडते. पाय थोडा दाबून ठेवला तर चालते. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांचे हे फार जुने दुखणे आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनलेले अनेक पिकअप ट्रक लोकांनी अजून चालते ठेवले आहेत आणि त्यांच्या मालकांची ही नेहमीची तक्रार असते. आपल्याकडचे मालट्रक डिझेलचे, त्यांत कार्ब्युरेटर नसतोच. पण पेट्रोल जीप, अॅम्बॅसडर, पद्मिनी आणि २०२० पूर्वीच्या बहुतेक स्कूटर-मोटरसायकली याच कुळातल्या. तेव्हा हा प्रश्न शाळेच्या सायकल-स्टँडपर्यंत पोचतो.

उदाहरणासाठी फोर्डच्या पिकअपमधले सहा सिलिंडरचे, ४.९ लिटरचे इंजिन घेऊ. हे इंजिन १९६५ ते १९९६ या काळात बनत होते आणि पिकअपमध्ये १९८७ साली त्याचा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. सहाही सिलिंडर एका ओळीत. हवा आत नेणारा आणि जळका वायू बाहेर नेणारा असे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकावर एक. कार्ब्युरेटर वर बसलेला.

प्रथम ‘स्लो’ म्हणजे काय ते पाहू. इंजिन मिनिटाला ६०० ते ८०० फेरे घेत नुसते घुरघुरत असते तेव्हा थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते. पिस्टन हवा ओढत असतात आणि वाट अडलेली असते. त्यामुळे चकतीखालचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा पाऱ्याच्या ४५० ते ५०० मिलिमीटरने कमी होतो. बाहेर वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर असतो हे ध्यानात घेतले, म्हणजे ही ओढ केवढी ते कळेल. उलट, चकतीच्या वर कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा इतकी हळू जाते, की बर्नूलीच्या तत्त्वाने मेन जेटमधून पेट्रोल खेचले जावे एवढा दाब तिथे उतरत नाही. म्हणून स्लोसाठी वेगळी बारीक वाट ठेवलेली असते. तिचे तोंड चकतीखाली, जोरदार ओढ असते तिथे उघडते. या वाटेवरच्या जेटचे भोक साधारण अर्धा मिलिमीटर असते. कचऱ्याचा एक कण त्याला पुरतो.

स्लोवर इंजिनला लागणारी हवाही थोडीच असते. मॅनिफोल्डला बारीकशी फट असली आणि तिच्यातून चोरून हवा शिरली, तर एकूण हवेत तिचा वाटा मोठा होतो आणि मिश्रण पातळ पडते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा याहून फार वाढली, की मिश्रण पेटेनासे होते. भरधाव वेगात हीच चोरटी हवा नगण्य ठरते. म्हणून ही खोड फक्त पाय काढल्यावर दिसते.

पण मग सकाळी का दिसत नाही? याचे उत्तर चोकमध्ये आहे. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही; बरेचसे पेट्रोल मॅनिफोल्डच्या भिंतींवर ओले राहते. म्हणून चोकची चकती वरून हवा अडवते आणि मिश्रण मुद्दाम घट्ट केले जाते. सोबत एक पायरीदार कॅम थ्रॉटलला जरासा उघडा धरतो. या ट्रकांत हे काम आपोआप होते: पाठ्यपुस्तकातली द्विधातू पट्टी इथे गुंडाळी करून बसवलेली असते, ती तापली, की चोक उघडतो आणि कॅमही सरकतो. मिश्रण मुळात घट्ट असेपर्यंत चोरटी हवा आणि तुंबलेला स्लो जेट दोन्ही खपून जातात. चोक उघडला, की उघडे पडतात. म्हणजे बहुतेक वेळा दोष उष्णतेने निर्माण झालेला नसतो. तो सकाळपासूनच असतो, चोकने झाकलेला. ‘गरम झाल्यावर काय बिघडते’ असे विचारत पार्ट बदलत सुटणारे इथेच वाट चुकतात.

आता तपास. गाडी मोकळ्यावर उभी करावी, कारण बंद गॅरेजमधला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. इंजिन तापवावे, एअर फिल्टर काढावा आणि इंजिन कसेबसे चालू असताना कार्ब्युरेटरच्या तोंडावर जाड पुठ्ठा अर्धवट सरकवावा. हात ठेवू नये. उलटा भडका येऊ शकतो. हवा अडवल्यावर इंजिन सुधारले, फेरे वाढले, तर मिश्रण पातळ होते हे सिद्ध झाले. अधिकच गुदमरले, काळा धूर आला, तर मिश्रण आधीच घट्ट आहे: फ्लोट बुडतो आहे, सुई गळते आहे किंवा चोक पुरता उघडतच नाही. एका पुठ्ठ्याने संशयितांचे दोन गट पडतात. याहून स्वस्त प्रयोग सापडणे कठीण.

पातळ निघाले तर फट शोधायची. जोडांवर आणि रबरी नळ्यांवर पाण्याचा फवारा मारून पाहावा. फटीवर पाणी पडले, की क्षणभर इंजिनचा आवाज बदलतो. विजेच्या भागांवर मात्र पाणी उडू देऊ नये. आपल्या उदाहरणातल्या इंजिनात पहिला संशय मॅनिफोल्डच्या गॅसकेटवर घ्यावा. बिडाची सुमारे ६० सेंटिमीटर लांबीची पट्टी ३०० अंश सेल्सिअसने तापली तर किती वाढेल? प्रसरणांक अंशाला ११ दशलक्षांश धरला तर उत्तर येते सुमारे २ मिलिमीटर. हेड पाण्याने थंड राहते. ते ८० अंशांनी तापले, तर त्याच लांबीत अर्धा मिलिमीटरच वाढते. हा दीड मिलिमीटरचा फरक मधल्या गॅसकेटला रोज सोसावा लागतो. वर्षानुवर्षे घासून ते फाटले तर नवल नाही.

फट नसेल तर मिक्श्चर स्क्रू फिरवून पाहावा. तो पुरता आत बसवला तरी इंजिनला फरक पडत नसेल, तर स्लोची वाट काम करत नाही. ती साफ करावी. आणखी एक मजेदार कारण अमेरिकी गाड्यांत आढळते. प्रदूषण कमी करण्यासाठी १९७० च्या दशकात जळक्या वायूचा थोडा भाग परत आत सोडणारी झडप आली. तिला ओढ देणारी नळी, इंजिन तापल्यावरच उघडणाऱ्या एका स्विचमधून जाते. कुणी दुरुस्ती करताना ही नळी चकतीखालच्या तोंडाला चुकून जोडली, तर झडप स्लोवरच, आणि तेही तापल्यावरच, उघडते आणि इंजिन स्वतःच्याच धुराने गुदमरते.

स्लो स्क्रू आवळून फेरे वाढवणे हा लोकप्रिय उपाय. त्याने गाडी बंद पडत नाही, पण चकती जास्त उघडून दुसऱ्या भोकांतून पेट्रोल येते एवढेच. फट तशीच राहते. शिवाय किल्ली काढल्यावरही इंजिन धडधडत राहण्याचा रोग लागतो.

खरोखर उष्णतेमुळे होणारे बिघाडही आहेत. तांब्याचा रोध अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. इग्निशन कॉइल २० वरून १०० अंशांवर गेली, की ३ ओहमचे जवळजवळ ४ ओहम होतात. कॉइलमधली ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती साठ टक्क्यांच्या खाली येते. धडधाकट कॉइल हे सोसते. आत तार तडकलेली सोसत नाही, आणि अर्ध्या तासाने गार झाली, की पुन्हा शहाण्यासारखी वागते. म्हणून ठिणगी तपासायची ती गाडी बंद पडल्याक्षणी. त्याच क्षणी, इंजिन बंद असताना, थ्रॉटल हाताने हलवून कार्ब्युरेटरच्या गळ्यात डोकावावे (विडी-सिगरेट दूर!). पेट्रोलची चिळकांडी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. नाही उडाली तर पुरवठा तुटला आहे. पेट्रोलमधले हलके घटक सुमारे ३५ अंशांपासूनच उकळू लागतात, आणि पंपाच्या ओढीने दाब उतरला, की आणखी लवकर. पंपावर ओले फडके ठेवण्याचा घाटातला उपाय यावरच आहे. कार्ब्युरेटरखालचा उष्णतारोधक ठोकळा कुणी काढून टाकला असेल तर वाटीतले पेट्रोलही उकळते.

अलीकडे आपल्याकडे याला एक नवी बाजू जोडली गेली आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले. इथेनॉलमध्ये वजनाने सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो. एक ग्रॅम इथेनॉल जाळायला सुमारे ९ ग्रॅमच हवा पुरते. जेटचे भोक मात्र जुन्या हिशेबाचे, म्हणजे काही न बिघडताही मिश्रण पातळ. आधीच काठावर चालणारी जुनी गाडी चोक उघडताच मान टाकते. फट नाही अशी खात्री झाल्यावर मिक्श्चर स्क्रू पाव फेरा फिरवून पाहावा. थ्रॉटलच्या पायथ्याशी असलेला स्क्रू बाहेर काढला, की मिश्रण घट्ट होते. अनेक स्कूटरांत तो हवेचा स्क्रू असतो आणि तो आत घ्यावा लागतो.