फोटोतल्या माणसामागे काय असतं?

फोटोतल्या माणसाच्या मागे काहीही नसतं. समजा तुम्ही वेरुळला कैलास लेण्यात गेलात. मंदिराचा भार पाठीवर पेलणारी हत्तींची रांग कॅमेऱ्यात घेतलीत आणि नेमका लाल टोपीवाला एक पर्यटक सेल्फी काढायला मध्ये येऊन उभा राहिला. त्याच्या पाठीमागच्या दगडावरून निघालेला प्रकाश त्याच्याच पाठीवर अडला, तो तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत आलाच नाही. सेन्सरवर त्या जागी टोपीचा लाल आणि शर्टाचा निळा तेवढा नोंदला गेला. त्याखाली दुसरा थर नाही. तरीही हल्ली फोनवर त्या माणसाभोवती बोट फिरवलं की दोन-चार सेकंदांत तो गायब होतो आणि त्याच्या जागी अखंड हत्ती दिसतो. सोंडेसकट. कैलासातल्या अनेक हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत, ही गोष्ट फोनच्या गावीही नसते.

हा हत्ती येतो कुठून? माणूस काढून टाकणं हा या कामातला अगदी किरकोळ भाग आहे. खरी मेहनत आहे ती पडलेलं भोक बुजवण्याची.

भोकं बुजवण्याची कला संगणकाहून बरीच जुनी. स्टुडिओतले जुने फोटोग्राफर काचेच्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने देवीचे व्रण आणि सुरकुत्या झाकत. त्याला ‘टचिंग’ म्हणत. संगणकाला हे काम शिकवायला निघालेल्यांनीही सुरुवात हातानं काम करणाऱ्यांपासूनच केली. मार्सेलो बेर्तालमिओ, गिलेर्मो सापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनीआपोलिसच्या कलासंग्रहालयातल्या चित्रसंवर्धकांना विचारलं, की रंग उडालेल्या जागा तुम्ही भरता कशा? त्या पद्धतीचा सारांश असा : आधी सबंध चित्र बघायचं. भोकाच्या काठाशी येऊन तुटलेल्या रेषा आत ओढून जोडायच्या. त्या रेषांमुळे पडलेल्या कप्प्यांत आजूबाजूचा रंग भरायचा. बारीक तपशील सगळ्यात शेवटी.

यातल्या रेषा आणि रंग या दोन पायऱ्यांचं त्यांनी गणित केलं आणि २००० साली ते प्रसिद्ध केलं. सारख्या उजेडाचे बिंदू जोडणाऱ्या रेषा काठावर ज्या दिशेनं येतात, त्याच दिशेनं त्यांना हळूहळू आत वाहू द्यायचं, असं ते समीकरण. पुढच्याच वर्षी त्यांनी अँड्रिया बर्टोझी या गणितज्ञ बाईंबरोबर द्रवाच्या प्रवाहाची नेव्हिये-स्टोक्स समीकरणं याच कामाला जुंपली. नदीचं पाणी आणि विमानाभोवतीची हवा समजून घ्यायला वापरलं जाणारं गणित आजोबांच्या फोटोवरचा ओरखडा भरून काढू लागलं! ओरखडा, घडीची रेघ, कोपऱ्यात छापलेली तारीख इथपर्यंत हे छान चाले. आख्खा माणूस काढला की मात्र त्या जागी नुसता धुरकट लेप उरे. शेवटची पायरी, म्हणजे तपशील, या गणितात नव्हतीच.

तपशिलाचं कोडं वेगळ्या वाटेनं सुटलं. अलेक्सी एफ्रोस आणि थॉमस लेउंग यांनी १९९९ मध्ये एक साधी युक्ती मांडली होती. भोकाच्या काठावरचा एक बिंदू घ्या, त्याच्या शेजारचे माहीत असलेले बिंदू पाहा, तसाच शेजार फोटोत आणखी कुठे दिसतो ते शोधा आणि तिथला बिंदू इथे आणून बसवा. मग पुढचा. विटांची भिंत, वाळू, गवत यांना हे झकास लागू पडलं. वेळ मात्र अफाट लागे, कारण प्रत्येक बिंदूसाठी सगळा फोटो धुंडाळायचा.

ते धुंडाळणं वाचवलं २००९ च्या ‘पॅचमॅच’नं. कॉनली बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही पद्धत मला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते, कारण ती चक्क अंदाजपंचे सुरू होते. भोकातल्या प्रत्येक तुकड्याला फोटोतला कुठलाही एक तुकडा जोडीदार म्हणून देऊन टाकायचा. बहुतेक जोड्या चुकणार. पण तुकडे हजारो असल्यानं काही जोड्या निव्वळ नशिबानं बऱ्या जमतात. पुण्यात नव्यानं आलेली मुलं खोली शोधायला वाटेल त्या पेठेत फिरतात. एकाला बरी जागा मिळाली की तो मित्राला सांगतो, ‘आमच्या शेजारच्याच वाड्यात विचार.’ तसंच इथे. ज्याचं जमलं तो शेजाऱ्याला आपल्या जोडीदाराच्या बाजूची जागा सुचवतो. फोटोत शेजारशेजारच्या गोष्टी एकमेकींसारख्या असतात, म्हणून ही शिफारस बहुधा बरोबर निघते. अशा चार-पाच फेऱ्यांत चांगल्या जोड्या सगळीकडे पसरतात. २०१० च्या फोटोशॉप सीएस५ मधल्या ‘कंटेंट-अवेअर फिल’मागे हेच तंत्र होतं. लग्नाचे करिझ्मा अल्बम करणाऱ्यांना त्यानं किती रात्रींची झोप दिली असेल!

त्याची मर्यादाही उघड होती. ते उसनवारी करायचं ती त्याच फोटोतून. फोटोत दुसरा हत्ती नसेल तर हत्ती मिळणार नाही. आणि असेल तर त्याचीच जुळी प्रत उभी राहणार. आकाशात तोच ढग दोनदा दिसला की जाणकार ओळखत, इथे हात फिरलाय.

मग त्याच एफ्रोस यांनी जेम्स हेज यांच्याबरोबर २००७ मध्ये विचारलेला एक प्रश्न मोलाचा ठरला : उसनवारी जगभरातल्या फोटोंतून केली तर? आधी त्यांनी सुमारे १० हजार फोटोंचा संग्रह वापरून पाहिला. निकाल निराशाजनक. संग्रह २० लाखांच्या वर नेला आणि अचानक जमलं. इतक्या फोटोंत तुमच्या फोटोसारखी रचना, तसाच उजेड, तसाच किनारा असलेला एखादा फोटो सापडतोच. इथे कामाचं स्वरूपच पालटलं, असं मला वाटतं. तोवर प्रश्न होता ‘या फोटोत काय आहे?’ आता झाला ‘अशा ठिकाणी बहुधा काय असतं?’ आजची एआय साधनं याच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतात.

बर्कलीत २०१६ मध्ये दीपक पाठक आणि सहकाऱ्यांनी (एफ्रोस इथेही आहेतच) न्यूरल नेटवर्कला हे उत्तर द्यायला शिकवलं. शिकवणी सोपी : धडधाकट फोटो घ्या, मधला चौकोन झाका, यंत्राला तो भरायला लावा आणि मग झाकण काढून दाखवा. उत्तरपत्रिका फोटोतच असल्यानं माणसानं बसून नावं घालण्याची गरज नाही. पण नुसत्या या शिकवणीतून यंत्र जे भरायचं ते धूसर असायचं. का? झाकलेल्या चौकोनात खिडकी डावीकडे असू शकते किंवा उजवीकडे. दोन्ही शक्य असतील तर सर्वांत कमी चुकण्याचा मार्ग म्हणजे दोहोंची सरासरी, आणि दोन खिडक्यांची सरासरी म्हणजे करडा डाग. तो डाग पाहणाऱ्याला आवडत नाही. म्हणून दुसरं एक नेटवर्क परीक्षक म्हणून बसवलं गेलं. त्याचं काम एकच, खोटं वाटणारं चित्र नापास करणं. धूसर चित्र लगेच पकडलं जातं, तेव्हा पहिलं नेटवर्क धडधडीत एक खिडकी निवडायला शिकलं. करडा डाग कुरूप होता, पण प्रामाणिक होता. ‘मला माहीत नाही’ असं यंत्र त्यातून सांगत होतं. आपण बक्षीस देऊन त्याची ती सवय मोडली.

आजची डिफ्युजन पद्धत आणखी पुढची. भोकात आधी टीव्हीवरच्या मुंग्यांसारखा निव्वळ गोंधळ भरतात आणि पायरीपायरीनं तो निवळत नेतात. प्रत्येक पायरीला भोकाबाहेरचा खरा फोटो धाक दाखवायला असतोच. सुरुवातीचा गोंधळ बदलला की उत्तरही बदलतं. २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये आलेलं ‘जनरेटिव्ह फिल’ एका भोकाला तीन पर्याय समोर ठेवतं. तिन्ही खरे वाटतात, आणि ते तीन आहेत हीच त्यांच्या खरेपणाबद्दलची पुरेशी माहिती.

वस्तू निवडण्याचं किचकट कामही आता यंत्राकडे गेलंय. मेटाच्या २०२३ च्या ‘सेगमेंट एनिथिंग’ला १ कोटी १० लाख फोटोंतल्या १०० कोटींहून अधिक आकारांवर घडवलं गेलं, त्यामुळे एका टिचकीत टोपीपासून चपलेपर्यंतची कड सापडते. सावली मात्र आठवणीनं निवडावी. माणूस गेला आणि त्याची लांब सावली जमिनीवर राहिली, असे फोटो सर्रास दिसतात. तीच गत तळ्यातल्या प्रतिबिंबाची. निवड अगदी कडेला भिडवू नये, थोडी सैल ठेवावी, नाहीतर कडेवर उरलेल्या रंगाच्या किनारीला यंत्र खरी वस्तू समजतं आणि तिथे नवंच काहीतरी उगवतं. वाळू, आकाश, झाडी यांत यश हमखास. जाळी, बोटं, पाटीवरची देवनागरी यांत फजिती. अक्षरांसारखी दिसणारी पण वाचता न येणारी वळणं उमटतात.

घरच्या सहलीच्या फोटोतून परका माणूस काढला तर कुणाचं काही बिघडत नाही, आणि त्यावरून नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. बातमीच्या फोटोची गोष्ट निराळी. नार्सिसो कोन्त्रेरास हे पुलित्झर मिळवणाऱ्या चमूतले छायाचित्रकार. सप्टेंबर २०१३ मध्ये सीरियातल्या एका लढवय्याच्या फोटोच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता, तो त्यांनी झाकला. जानेवारी २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेसनं त्यांच्याशी संबंध तोडले. त्यांचे जवळपास ५०० फोटो तपासले, दुसरा एकही फेरफार सापडला नाही. तरी सगळे फोटो संग्रहातून काढले. एका कॅमेऱ्यापायी एवढं? मला हा निर्णय योग्य वाटतो. झाकलेल्या जागी जी जमीन दिसत होती ती सीरियात कुणी पाहिलेली नव्हती.

चित्रसंवर्धकांनी हा पेच फार आधी सोडवला होता. १९४० च्या दशकात रोमच्या संवर्धन संस्थेत चेझारे ब्रान्दी आणि सहकाऱ्यांनी ‘त्रातेज्जो’ रूढ केलं. उडालेली जागा सपाट रंगानं भरायची नाही, बारीक उभ्या रेघांनी भरायची. लांबून चित्र अखंड दिसतं; जवळ गेलं की रेघा दिसतात आणि मूळ कुठलं, भरलेलं कुठलं ते कळतं. संगणकवाल्यांनी संवर्धकांची हातोटी उचलली, हा शिष्टाचार मात्र मागे राहिला.

आता तो उशिरानं आणण्याची धडपड आहे. अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी वगैरेंनी २०२१ मध्ये ‘सीटूपीए’ हा गट स्थापन केला. फोटो कुठल्या कॅमेऱ्यानं काढला, नंतर त्यावर काय केलं, याची शिक्कामोर्तब केलेली नोंद फोटोलाच जोडायची, ही त्यांची पद्धत. लायकानं २०२३ मध्ये ही सोय कॅमेऱ्यातच बसवली. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की फोटोला जोडलेली बरीचशी माहिती वाटेतच गळून पडते.

गळून न पडणारी एक खूण सेन्सर स्वतः ठेवतो. सिलिकॉन कुठेच शंभर टक्के एकसारखं नसतं. त्यामुळे प्रत्येक पिक्सेल प्रकाशाला किंचित कमी-जास्त दाद देतो, आणि त्या फरकांची अतिशय पुसट जाळी त्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोत उमटते. बिंगहॅमटन विद्यापीठातल्या जेसिका फ्रिडरिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या जाळीवरून कॅमेरा ओळखून दाखवला. (रुबिक क्यूब झटपट सोडवणारी मुलं जी ‘फ्रिडरिक पद्धत’ वापरतात, ती लोकप्रिय करणाऱ्या याच बाई.) यंत्रानं भरलेल्या जागेत ही जाळी नसते. त्याच कॅमेऱ्याचे आणखी काही डझन फोटो हाताशी असतील तर कुठला भाग परका आहे ते नकाशासारखं दाखवता येतं. फोनमधल्या आतल्या प्रक्रियेमुळे हे काम दिवसेंदिवस अवघड होतंय, आणि दाबून लहान केलेल्या प्रतीत जाळी बरीचशी झिजते. म्हणून अपघाताचा, पिकाच्या नुकसानीचा किंवा भिंतीला गेलेल्या तड्याचा फोटो असेल तर मूळ फाइलला हात लावू नये, आणि पाठवायची वेळ आली तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.