युक्तिवादाची ओळख – भाग ७ : धूर दिसला, पण विस्तव कुठे?

सुरतेजवळच्या कामरेजला चार रस्त्याजवळ माझी आत्या राहते. जळगाव जिल्ह्यातून लग्न होऊन आली, त्याला आता चाळीस वर्षं झाली. परवा दुपारी तिच्या स्वयंपाकघरात मोबाइल तुरीच्या डाळीच्या डब्याला टेकवलेला होता, परातीतली कणीक वाळून गेली होती आणि आत्या दीड तास त्या पडद्यासमोर हात जोडून बसली होती. पलीकडे खाकी कपड्यातला माणूस. तुमच्या आधार कार्डावर गेलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ केली आहे, कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगायचं नाही आणि खात्यातले पैसे तपासासाठी आम्ही सांगू त्या खात्यात टाकायचे.

शेजारच्या भाभी विरजण मागायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “शुं थयुं, मासी?” आत्याच्या तोंडून शब्द फुटेना. भाभींनी मोबाइल उचलून पालथा घातला. पैसे वाचले.

मागच्या भागात आपण न्यायशास्त्रातले पंचावयव पाहिले : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. नैयायिकांचं नेहमीचं उदाहरण आठवा. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. शेकडो वर्षं हा दाखला चुलीवरून दिला जातोय. म्हणून म्हणतो, आत्याला आलेला तो फोनही तिच्या स्वयंपाकघरातच तपासू.

“मी पोलीस आहे” ही त्याची प्रतिज्ञा. हेतू काय दिला? “तुमचा आधार नंबर मला माहीत आहे.” पण आधारची झेरॉक्स आपण सिमकार्डाच्या दुकानात देतो, लॉजवर देतो, भाडेकरारालाही जोडतो. नंबर पोलिसाला ठाऊक असू शकतो, तसा भामट्यालाही. जो हेतू दोन्हीकडे सारखाच लागू पडतो त्याला न्यायसूत्रांत सव्यभिचार हेत्वाभास म्हटलं आहे. मग त्याने ओळखपत्र दाखवलं. ते खरं कशावरून? जे सिद्ध करायचं तेच पुराव्याच्या जागी आणून ठेवलं, हा साध्यसम. आणि शेवटची मागणी तर सरळच कोसळते. जिथे जिथे तपास, तिथे तिथे संशयिताने आपले पैसे अनोळखी खात्यात भरायचे, असा एक तरी दाखला आहे का? नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची तरतूदच आपल्या कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हे स्पष्ट सांगितलं होतं.

आत्या अडाणी नाही. हिशेबाला पक्की आहे, भाजीवालीशी घासाघीस करते तेव्हा ऐकत राहावं. पण कॅमेरा चालू आणि घरात बोलायची बंदी, या दोन अटींनी तिच्याकडून विचार करायची सवडच काढून घेतली होती. चूक तिची नव्हे, हे मी तिला तीनदा सांगितलं.

ती मात्र एकच म्हणत राहिली, “अरे, चेहऱ्यावरून किती सज्जन वाटत होता!”

इथे आपण सगळेच फसतो. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र मांडले. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे माणसं सरासरी १०० पैकी ५४ वेळाच बरोबर ओळखतात. नाणं उडवलं तरी ५० येतील. नजर चुकवणं, घाम, अडखळणं यांवर भिस्त ठेवणं म्हणजे जवळपास अंदाजपंचेच.

मग भिस्त कशावर? या सुरतेतलीच एक गोष्ट सांगतो. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांची छावणी बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत होती. मोगल अंमलदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसलेला. त्याने तहाची बोलणी करायला एक तरुण वकील पाठवला. बोलता बोलता त्या वकिलाने लपवलेली कट्यार काढली आणि महाराजांवर झेप घेतली. समोर नंगी तलवार घेऊन उभ्या असलेल्या रक्षकाने एका घावात त्याचा हात तोडला. तरी झेपेच्या जोरात तो महाराजांवर आदळला आणि दोघे खाली पडले. इंग्रजांच्या वखारीच्या त्या काळच्या कागदांत हा प्रसंग नोंदलेला आहे.

मला या प्रसंगात रक्षक महत्त्वाचा वाटतो. वकिलाच्या मनातलं त्याने ओळखलं होतं, असं कुठे दिसत नाही. बोलणी तहाची असली तरी तलवार म्यानाबाहेर, हा शिरस्ता तेवढा आधीपासून घातलेला होता. वकील प्रामाणिक निघाला असता तरी त्या तलवारीने काही बिघडलं नसतं.

घराला असाच शिरस्ता लावून घेता येतो. फोनवर कोणीही, कितीही मोठ्या हुद्द्याचं नाव घेऊन पैसे मागितले, तर फोन ठेवायचा आणि त्या कार्यालयाचा नंबर स्वतः शोधून आपणच लावायचा. “कोणाला सांगू नका” असं कोणी म्हटलं, तर आधी घरच्यांना हाक मारायची. खरा पोलीस असेल तर यात त्याचं काही जात नाही.

आत्याच्या फ्रिजवर आता मोठ्या आकड्यांत १९३० लिहिलेला कागद चिकटवला आहे. सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवायचा हा सरकारी नंबर. पैसे गेले असतील तर जितक्या लवकर लावाल तितकी रक्कम वाटेत थांबवता येण्याची शक्यता जास्त. पुढचा भाग हाती येईपर्यंत तुमच्या घरातल्या आजी-आजोबांसाठी असा एक कागद लिहा, आणि तो लावताना त्यांच्याशी दहा मिनिटं बोला.